पंधराव्या लुईची चौकट आणि कंटकरावांचं दार

एका जंगलात, बाळांनो, भिंती फार थोड्या होत्या. वाघाला भिंत नव्हती, हरणाला नव्हती, माकडाचं तर जमिनीशीसुद्धा फारसं जमत नव्हतं. भिंती होत्या त्या बिळात राहणाऱ्यांना. आणि भिंत कशासाठी असते हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. छप्पर अंगावर पडू नये म्हणून.

एक दिवस एकाला तेवढं पुरेना. त्याची ही गोष्ट आहे. नीट बसा. नाकातलं बोट काढा.

त्या जंगलात कंटकराव नावाचं साळिंदर राहत होतं. साळिंदर तुम्ही पाहिलं नसेल. एखाद्या मोठ्या उंदराने रागाच्या भरात पाठीवर खराटा बांधून घेतला, की जे काही दिसेल ते साळिंदर. कंटकराव वयाने मध्यम, स्वभावाने नीटनेटके. बायकोचं नाव शेवंताबाई. नुकतीच झालेली दोन पिल्लं होती. त्यांचे काटे अजून कोवळे होते, गवतासारखे मऊ.

साळिंदरांच्या घरात दोन रीती फार कडक असतात. त्या आधी सांगतो, म्हणजे मध्ये मध्ये विचारू नका.

पहिली रीत कुरतडण्याची. साळिंदराचे दात जन्मभर वाढतात. झिजवले नाहीत तर तोंड मिटत नाही. म्हणून प्रत्येक साळिंदराच्या घरात हरणाची नाहीतर सांबराची झडलेली शिंगं असतात. जेवण झालं की सगळं घर शिंगाभोवती बसतं आणि कुरतडता कुरतडता गप्पा मारतं. कंटकरावांकडे सांबराची जोडी होती. आजोबांनी डोंगरावरून ओढत आणलेली. त्या शिंगांवर आजोबांचे दात होते, आजीचे होते, आणि कंटकराव लहानपणी रुसून बसले की जिथे कुरतडायचे तो खळगाही होता.

दुसरी रीत दाराची. साळिंदराचं दार अरुंद असावं लागतं. मुलगी द्यायची असली, की मुलीचा बाप आधी मुलाच्या बिळात शिरून बघतो. शिरताना दोन्ही कुशीचे काटे दाराला घासले, ‘खर्रर्र’ झालं, तर बाप म्हणतो, “दिली मुलगी.” एकाच बाजूचा आवाज आला तर पाणीसुद्धा न पिता उलट पावली निघून जातो.

याला कारण होतं. पलीकडच्या घळीत एक तरस राहत होता. त्याला साळिंदराची पिल्लं फार आवडायची. काटे मऊ असेपर्यंतच, नंतर नाही. अरुंद दारातून त्याचे खांदे आत येत नसत. शिवाय ‘खर्रर्र’ झालं की आतल्या बाईला कळायचं, आपलाच माणूस आला. ते नाही झालं तर दुसरं कोणीतरी आलं.

शेवंताबाईंच्या वडिलांनी कंटकरावांच्या दारात आत जाताना ‘खर्रर्र’ ऐकलं, बाहेर येताना पुन्हा ऐकलं, आणि डोळे पुसले. तिथे ते लग्न ठरलं.

पण मध्यमवयात, बाळांनो, दोन गोष्टी सुचतात. गुडघ्याला तेल आणि भिंतीला शोभा. मलाही सुचल्या आहेत. तेलाचा खर्च कमी येतो.

तर कंटकराव एकदा फिरत फिरत डोंगरावरच्या पडक्या शिकारबंगल्यापाशी गेले. कुठल्याशा संस्थानिकाने तो बांधला होता आणि मग तो विसरून गेला होता. तिथे टकाचोर बसला होता. टकाचोर म्हणजे लांब शेपटीचा, तांबूस अंगाचा एक पक्षी. हा टकाचोर जुन्या वस्तूंचा व्यापारी होता. त्याच्या बाजूला, भिंतीला टेकून, एक चौकट उभी होती.

चित्राची चौकट. पण आत चित्र नव्हतं.

चौकट मात्र अशी, की कंटकरावांचे काटे आपोआप मिटले. चारी बाजूंनी कोरलेली पानं. प्रत्येक कोपऱ्यात एक शिंपला. शिंपल्यातून वेल निघालेली, ती वळत वळत दुसऱ्या शिंपल्यात शिरलेली. सगळ्यावर सोन्याचा वर्ख.

“चित्र कुठे गेलं?” कंटकरावांनी विचारलं.

“वाळवीने खाल्लं,” टकाचोर म्हणाला. “तिला तेवढंच झेपलं. चौकट ओकच्या लाकडाची आहे. फ्रेंच आहे. राजा पंधराव्या लुईच्या काळातली.”

“आधीच्या चौदांकडे भिंती नव्हत्या?”

टकाचोराने त्यांच्याकडे दयेने पाहिलं. “होत्या. पण त्यांच्या वेळच्या चौकटी सरळ. ही बघा कशी मुरडली आहे. सरळ रेष कुठे आहे का? तुमच्यासारख्यांनी तरी हे ओळखायला पाहिजे.”

‘तुमच्यासारख्यांनी’ हा शब्द फार वाईट असतो, बाळांनो. तो ऐकला की आपण लगेच तसे होतो.

“पण कोपऱ्यावर वर्ख उडालाय,” कंटकराव जरा सांभाळून म्हणाले. “खालून तांबडं दिसतंय.”

“तीच तर खूण! लाकडावर खडूचा लेप, लेपावर तांबडी माती, मातीवर वर्ख. म्हणून सोन्याला ऊब येते. आता मला सांगा, नवी असती तर झिजली असती का?”

कंटकरावांनी कोपऱ्याला नाक लावून बघितलं.

“आणि चित्र नाही त्याचं काय?”

“चित्र असलं की चित्र बघावं लागतं,” टकाचोर म्हणाला. “आता नुसती चौकट बघा. खोलीत शिरणाऱ्याची नजर आधी कुठेतरी ठरावी लागते. तुमच्या खोलीत ती कुठे ठरते?”

कंटकरावांनी आपली खोली आठवली. त्यांच्या खोलीत शिरणाऱ्याची नजर सांबराच्या शिंगांवर ठरत असे. त्यांना एकदम आपल्या शिंगांची लाज वाटली.

टकाचोराने चौकटीच्या बदल्यात नेमकी ती शिंगंच मागितली. “पलीकडच्या जंगलात ती भिंतीवर लावतात,” तो म्हणाला. “जुनी, दात उमटलेली असतील तर विशेष.”

कंटकरावांनी संध्याकाळपर्यंत शिंगं डोंगरावर ओढून नेली आणि चौकट खाली ओढून आणली. दारापाशी येऊन हाक मारली, “अगं, बाहेर ये. बघ काय आणलंय.”

शेवंताबाई बाहेर आल्या. त्यांनी चौकट पाहिली. मग चौकटीतून पलीकडचं पाहिलं. “कशाचं दार आहे हे?”

“दार नव्हे. चौकट आहे. फ्रेंच.”

“आणि शिंगं?”

“त्यांची जागा आता हिने घेतली.”

“कुरतडायचं काय?”

“सारखं काय कुरतडायचं? जरा बघायला शिक.”

मग चौकट आत न्यायची वेळ आली. ती दारातून जाईना. उभी जाईना, आडवी जाईना, तिरकी करून बघितली तर शिंपले अडकू लागले.

“परत नेऊन द्या,” शेवंताबाई म्हणाल्या.

कंटकराव दाराकडे बघत राहिले. आजवर त्यांनी त्या दाराकडे असं कधी पाहिलं नव्हतं. “हे दार,” ते हळूच म्हणाले, “कोतं वाटत नाही तुला?”

“माझ्या बापाने या दारावर मला दिली.”

“त्यांनी त्या काळात बरोबरच केलं.”

दुसऱ्या दिवशी कंटकरावांनी दार खणायला घेतलं. आधी चौकटीचं माप घेतलं, मग दारावर रेघ मारली, रेघेबाहेर एक नखही जाऊ दिलं नाही. काम फार सुबक झालं. चौकट आत गेली आणि एकही शिंपला घासला नाही. मागोमाग उजेडही आत आला. तोवर त्या बिळात एवढा उजेड कोणी पाहिला नव्हता. उजेडात भिंती दिसल्या. त्या चौकटीला शोभेनात. म्हणून भिंतींना पांढरी माती फासली. मग अंथरायचं गवत मळकट वाटायला लागलं. ते बदललं. मग नव्या गवतावर बसलेले कंटकराव चौकटीखाली कसेसेच दिसायला लागले. म्हणून ते कोपऱ्यात उभे राहू लागले.

मी हसत नाही. माझ्या घरातही एक खुर्ची आहे, तिच्यावर बसायची मला परवानगी नाही. खुर्ची मीच आणली आहे.

पहिली पाहुणी आली ती घोरपडमावशी. तिच्या जिभेला दोन टोकं असतात आणि ती दोन्ही वापरते.

“बाई गं!” ती म्हणाली. “सोन्याचं काहीतरी दिसतंय. आत काय आहे?”

“आत काही नसतं, मावशी. नुसती चौकट बघायची,” कंटकराव म्हणाले.

“बघते की. पण आत काय?”

कंटकरावांनी तिला पंधरावा लुई सांगितला, खडू सांगितला, तांबडी माती सांगितली. मावशीने सगळं ऐकून घेतलं. निघताना शेवंताबाईंना बाजूला घेऊन विचारलं, “पण आत काय लावणार आहेत ते?”

हे कंटकरावांना लागलं. त्यांनी चौकटीत पळसाचं पान लावून बघितलं. ते सुकलं. सापाची कात लावली, तर पाहुणे दारातूनच परत फिरले. स्वतः मागे उभे राहून बघितलं, पण मग चौकट बघायला कोणी उरेना.

शेवटी त्यांना सुचलं. पुढच्या खोलीतून आतल्या खोलीत जायला भिंतीत एक भोक होतं. आत शेवंताबाई आणि पिल्लं निजत. कंटकरावांनी वरून लोंबणाऱ्या जांभळीच्या मुळीत चौकट ओवली आणि नेमकी त्या भोकापुढे टांगली. आता पुढच्या खोलीत उभं राहून बघितलं की सोनेरी पानांच्या मधोमध दोन गोरी पिल्लं एकमेकांच्या पोटात तोंड खुपसून झोपलेली दिसत.

“आहाहा!” घोरपडमावशी म्हणाली. “आत्ता काहीतरी झालं.”

मग ‘चित्र’ बघायला जंगल लोटलं. ससे आले, मुंगसं आली. कंटकराव कोपऱ्यात उभे राहून सांगत, “हात लावू नका. ओल्या शेपटीने पुसू नका. वर्खाला पाणी चालत नाही, नुसती फुंकर घालायची.” कोणी विचारलं नाही तरी सांगत. मीही असंच सांगतो. घरचे उठून चहा करायला जातात आणि परत येत नाहीत.

इकडे शेवंताबाईंचे दात वाढत होते. शिंगं नव्हती. भुईतली मुळं मऊ. तोंड मिटेना, बोलणं बोबडं व्हायला लागलं. एक दिवस त्यांची नजर चौकटीच्या मागच्या बाजूवर गेली. मागून ती सोनेरी नव्हती. साधं, उघडं लाकूड. आणि मागची बाजू आतल्या खोलीत होती, पाहुण्यांना दिसत नव्हती.

त्यांनी एक चावा घेऊन बघितला. बरं लागलं.

तेव्हापासून पुढे कंटकराव पंधराव्या लुईबद्दल बोलत आणि मागे शेवंताबाई त्याला कुरतडत. विशेषतः वरची कड, जिथून मुळी ओवलेली होती. तिथे लाकूड जाड होतं आणि तोंड बरोबर बसायचं.

“अहो,” त्या एकदा आतून म्हणाल्या, “तुम्ही घरी आलेले कळत नाही हो आता. आवाज येत नाही दाराचा.”

“घरात शिरताना आवाज होणं हे काही चांगलं लक्षण नाही.”

“पण दुसरं कोणी शिरलं तर?”

“तर येईल की आत. आपण दाखवू चित्र.”

दिवेलागणीची वेळ होती. पाहुणे पांगले होते. कंटकराव दाराकडे पाठ करून, चौकटीच्या खालच्या पानांवर फुंकर घालत होते. दारात काही वाजलं नाही. पण मागे कोणीतरी श्वास घेतला.

“चित्र बघायला आलो होतो,” आवाज आला. जरा घोगरा होता.

“या, या,” कंटकराव मागे न बघता म्हणाले. “पाय झटकून या. आणि उजेड अडवू नका.”

“वा,” आवाज म्हणाला. “ताजं दिसतंय.”

“ताजं कसलं? पंधराव्या लुईच्या काळातलं आहे. या कोपऱ्यात तांबडं दिसतं ना, तिथून बघायला सुरुवात करा.”

कंटकराव वर न बघता बाजूला सरकले आणि पाहुणा पुढे झाला. त्याने मान चौकटीतून आत घातली.

शेवंताबाईंनी आतून बघितलं. सोनेरी पानांच्या मधोमध एक मोठं, पट्ट्यांचं तोंड होतं. पिल्लं झोपेत हलली.

“अहो,” त्या म्हणाल्या, “तरस आहे.”

“अगं, आलेल्या माणसाला असं तोंडावर…”

“अहो, तरस आहे! मागून काटे मारा त्याला!”

आता कंटकरावांनी बघितलं. पट्ट्यांची पाठ दिसली. कंटकराव भित्रे नव्हते, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. त्यांचे सगळे काटे ताठ उभे राहिले. ते वळले, पाठ तरसाकडे केली, नेम धरला. आणि त्याच क्षणी त्यांच्या मनात आलं, मागून काटे मारले तर हा पुढे उडी घेईल. पुढे उडी घेतली तर चौकटीचे तुकडे होतील.

ते थांबले.

तरसाने पुढचा एक पंजा चौकटीच्या खालच्या पट्टीवर टेकला.

“पंजा,” कंटकराव म्हणाले. “पंजा तेवढा काढा. वर्ख निघतो.”

आणि बाळांनो, तरसाने पंजा काढला. तो गोंधळला होता. आजवर त्याच्यापुढे लोक ओरडले होते, पळाले होते, मेले होते. पण असं त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

तेवढा वेळ शेवंताबाईंना पुरला. त्या गर्रकन वळल्या आणि वडिलांनी शिकवलं होतं तशी पाठ मागे फेकली. पाठीचे काटे तरसाच्या नाकात गेले.

तरस असा किंचाळला की जांभळीची पानं गळाली. त्याने मान जोरात मागे खेचली. चौकटीची वरची कड मागून कधीच पोखरली गेली होती. ती मुळीवरून कट्‌कन सुटली आणि चौकट त्याच्या मानेत बसली. पोखरलेला एक शिंपला तेवढा खाली पडला. तरस वळला आणि चौकटीसकट दारातून बाहेर पळाला. दार चौकटीच्या मापाचं होतं. कुठेही घासलं नाही.

कंटकराव त्याच्या मागे दारापर्यंत धावले आणि ओरडले, “जपून!”

शेवंताबाईंना आधी वाटलं, ते पिल्लांना म्हणाले. मग त्यांना कळलं. त्याच वेळी त्यांनी माती कालवायला घेतली.

सकाळपर्यंत दार पुन्हा अरुंद झालं. शेवंताबाईंनी स्वतः आतबाहेर करून दोन्ही कुशींचा आवाज ऐकला, आणि मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, “जा आणि त्याला जाब विचारा. माझ्या लेकरांवर आला होता तो. चार जणांत विचारा.”

कंटकराव निघाले.

पण त्याआधी जंगलात काय झालं होतं ते ऐका. चौकट तरसाच्या मानेतून निघेना. तो तसाच पाण्यावर गेला. आधी सगळे पळाले. मग लांबून वळून बघितलं. मग थांबले. चारी बाजूंनी सोनेरी पानं, कोपऱ्यांत शिंपले, मधोमध तोंड. नाकात काळे-पांढरे काटे, तेही कोणाला त्याच शैलीतले वाटले.

“बाई गं,” घोरपडमावशी म्हणाली, “आलं एकदाचं आत काहीतरी!”

दुपारपर्यंत तरस मोठ्या खडकावर बसला होता आणि त्याच्यापुढे सभा भरली होती. कोणी म्हणे, काय भारदस्त मुद्रा! कोणी म्हणे, हे आपण आधी नीट बघितलंच नव्हतं. सशांनी त्याला घरी येण्याचं आमंत्रण दिलं. मुंगसांनीही दिलं. आमच्याकडे एकदा पायधूळ झाडा म्हणाले. तरस म्हणाला, येईन की, पण दारं लहान असतात तुमची. त्यावर सगळे ओशाळले. जो तो घरी जाऊन दार खणायला लागला.

कंटकराव सभेत आले तेव्हा सगळ्यांनी वाट दिली. रात्री त्यांच्या घरी काय झालं ते सगळीकडे पसरलं होतं. कंटकराव सरळ खडकावर चढले. तरसाने मान वर केली. त्याच्या नाकाला अजून ठणका होता, आणि साळिंदर बघून तो जरा मागेही सरकला. हीच वेळ होती. जाब विचारायला याहून चांगली वेळ मिळत नाही.

कंटकरावांनी तोंड उघडलं. मग त्यांनी बघितलं. चौकट डावीकडे कलली होती.

त्यांनी डोळे मिटून घेतले. पुन्हा उघडले. अजून कललेलीच होती.

मग ते पुढे झाले, दोन्ही पंजांनी चौकट धरली आणि हळूच सरळ केली. जरा मागे येऊन पाहिलं. पुन्हा पुढे जाऊन केसभर उजवीकडे केली. एका पानावर चिखल होता, त्यावर फुंकर घातली.

“आता बरोबर आहे,” ते म्हणाले.

सभेने टाळ्या वाजवल्या. कंटकराव खाली उतरले आणि घरी आले. दारात ‘खर्रर्र’ झालं.

“आलात?” आतून शेवंताबाई म्हणाल्या. “विचारलात जाब?”

“वाकडी होती,” कंटकराव म्हणाले.

आतून कुरतडल्याचा आवाज यायला लागला. कंटकरावांनी आत डोकावलं. शेवंताबाईंनी तो पडलेला शिंपला पुढे घेतला होता. दोन्ही पिल्लं शेजारी बसून, इवल्या दातांनी, आपापल्या बाजूने शिकत होती.

“अगं,” कंटकराव म्हणाले, “ते पंधराव्या लुईच्या काळातलं आहे.”

“म्हणूनच बरं लागतंय,” शेवंताबाई म्हणाल्या. “मुरलंय. या, बसा. तुमचेही दात वाढलेत.”

कंटकराव थोडा वेळ उभे राहिले. मग बसले. कुरतडताना त्यांनी तांबडी माती दिसणारी बाजू मात्र शेवटपर्यंत राखून ठेवली.

तात्पर्य : दारापेक्षा मोठी वस्तू घरात आणू नये, असे तुम्ही म्हणाल. असे म्हणणाऱ्यांच्या घरी पाहुणे येत नाहीत, आणि आले तरी त्यांची नजर कुठे ठरत नाही. म्हणून वस्तू दारातून जात नसेल तर दोष दाराचा समजावा. चौकट मिळाली की आत कोण येईल याची काळजी करू नये. कोणी ना कोणी येतोच. आणि जो येईल त्याच्या गळ्यात ती वाकडी दिसली, तर बाकी सगळे मागे ठेवून आधी ती सरळ करावी.